नऊ महिन्यांत सगळे वेबवर? आधी दूध बिलातले नियम कुणाचे, ते ठरवा

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

पश्चिम महाराष्ट्रातील एका सहकारी दूध संघात दोन वर्षांपूर्वी संगणक विभागप्रमुख म्हणून रुजू झालेल्या वाचक भगिनींचे हे पत्र आहे. त्याआधी त्या पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत होत्या. संघाला तीनशेच्या आसपास प्राथमिक दूध संस्था दूध घालतात. त्यांची दर दहा दिवसांची बिले, पशुखाद्याची विक्री, वाहतूक ठेकेदारांची देयके आणि सभासदांच्या नोंदी हे सारे काम नव्वदच्या दशकाच्या अखेरीस फॉक्सप्रोमध्ये, म्हणजे माहिती साठवण्याच्या आणि प्रोग्राम लिहिण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या साधनात, लिहिलेल्या प्रणालीवर चालते. ती लिहिली संघातल्याच एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी. सगळे त्यांना आबा म्हणतात आणि पुढच्या वर्षी ते निवृत्त होत आहेत. येत्या १ एप्रिलपासून सगळा कारभार ब्राउझरवर चालावा, अशी चेअरमनसाहेबांची इच्छा आहे. एका कंपनीने नऊ महिन्यांत सगळी प्रणाली नव्याने लिहून एकाच दिवशी सुरू करून देण्याचा प्रस्ताव ठेवला आहे. लेखनिक मंडळी नाराज आहेत, आणि आबा प्रत्येक प्रश्नाला ‘सगळे प्रोग्राममध्ये आहे, बघून घ्या’ एवढेच उत्तर देतात. कंपनीचा प्रस्ताव स्वीकारावा की टप्प्याटप्प्याने जाण्याचा आग्रह धरून ‘काम रखडवणारी’ असा शिक्का ओढवून घ्यावा, आणि कर्मचाऱ्यांचा विरोध कसा मोडून काढावा, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

जुन्या प्रणालीला तुम्ही ‘संघाच्या गळ्यातले ओझे’ म्हटले आहे, आणि त्याच पत्रात पुढे असेही लिहिले आहे की इतक्या वर्षांत संस्थांच्या एकाही बिलाची ठरलेली तारीख चुकलेली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. पण तुमच्या मनात पहिली ठळक आणि दुसरी पुसट झाली आहे, असे पत्र वाचताना जाणवले. या उत्तराचा बराचसा भाग त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांचे मूळ मला तिथे दिसते.

प्रणाली बदलावी की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही, हे आधीच सांगतो. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोची ९.० ही अखेरची आवृत्ती २००४ मध्ये आणली, पुढची आवृत्ती निघणार नसल्याचे २००७ मध्ये जाहीर केले आणि जानेवारी २०१५ मध्ये तिची दुरुस्ती-देखभालही थांबवली. फॉक्सप्रोच्या एका टेबलाची फाइल २ जीबीपलीकडे वाढत नाही. रोज दोन वेळच्या संकलनाची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला ही मर्यादा आज ना उद्या अडवते आणि मग वर्षनिहाय फाइली तोडून ठेवाव्या लागतात. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात लिहिलेले भाग ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाहीत आणि विंडोज ११ ला ३२ बिट आवृत्तीच नाही. म्हणजे मोजके जुने संगणक जिवापाड जपणे, एवढाच उपाय हाती राहतो. २०२४ मध्ये राज्य शासनाने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान देताना उत्पादकाचे आधारशी जोडलेले बँक खाते आणि जनावराच्या कानातील बिल्ल्याची नोंद मागितली, तेव्हा सभासदांची माहिती नीट नसल्याची झळ अनेक संघांना बसली. त्यात आबांची निवृत्ती आली. ही सगळी कारणे सबळ आहेत.

मात्र ती एकसारखी नाहीत, आणि कोणते कारण सर्वांत तातडीचे यावर कामाचा क्रम ठरतो. आबांची निवृत्ती हे ज्ञानाचे संकट आहे, २ जीबीची मर्यादा हे साठवणुकीचे, आणि शासनाला माहिती पुरवणे हे सभासद नोंदीच्या शुद्धतेचे. चेअरमनसाहेबांची इच्छा यांपेक्षा वेगळी आहे. रोजचे संकलन आणि संस्थांच्या थकबाक्या मोबाइलवर पाहता याव्यात, एवढेच त्यांना बहुधा हवे असावे. त्यासाठी बिलाच्या प्रणालीला हात लावण्याची गरज नाही. रोज रात्री फॉक्सप्रोतील माहितीची प्रत एका साध्या डेटाबेसमध्ये घ्यायची आणि तिच्यावर फक्त वाचता येतील अशी चार-पाच पाने बांधायची. तुमच्या विभागातल्या माणसांनाही हे काम थोडक्या अवधीत जमेल. चेअरमनसाहेबांना नेमके काय हवे आहे, हे तुम्ही एकदा समोर बसून विचारावे. ‘सगळे वेबवर’ या शब्दांमागे पुष्कळदा एवढीच मागणी असते, आणि ती पुरी झाली की तारखेचा ताठरपणा बराच कमी होतो.

आता बिले वेळेवर निघत आली, या दुसऱ्या गोष्टीकडे वळतो. कंपनीच्या प्रस्तावात कामाची व्याप्ती ‘विद्यमान प्रणालीतील सर्व सुविधा’ अशी एका ओळीत लिहिली आहे, असे तुम्ही कळवले आहे. आबाही वेगळ्या शब्दांत तेच म्हणतात. सगळे नियम प्रोग्राममध्ये आहेत आणि ते वाचून नव्या भाषेत उतरवले की काम झाले, असे दोघेही गृहीत धरतात, आणि तुम्हीही ते मान्य केलेले दिसते. या गृहीतकाकडे थोडे थांबून पाहा.

फॅटचे उदाहरण घ्या. तपासणी यंत्राने ३.४७ फॅट दाखवले, तर दरपत्रकात पाहताना ते ३.४ धरायचे की ३.५? काही ठिकाणी दुसरा दशांश सोडून देतात, काही ठिकाणी जवळच्या अंकाला नेतात. उत्पादकाच्या दृष्टीने हा प्रश्न पैशांचा आहे, आणि प्रोग्राममध्ये मात्र तो एका फंक्शनच्या निवडीत दडलेला असतो. एसएनएफचेही, म्हणजे दुधातील फॅट सोडून उरणाऱ्या घन घटकांचेही, तसेच. दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरच्या वाचनाचा चौथा भाग, त्यात फॅटचा ठरावीक अंश आणि एक स्थिरांक मिळवून एसएनएफ काढतात. पण तो स्थिरांक सगळीकडे सारखा नसतो. लिटरचे किलो करताना १.०३ ने गुणायचे, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र तो गुणाकार प्रत्येक वेळच्या दुधावर करायचा की दहा दिवसांच्या बेरजेवर, हे फक्त प्रोग्रामला ठाऊक असते, आणि दोन्ही रीतींनी येणारे आकडे तंतोतंत जुळत नाहीत.

कंपनी ज्या भाषेत नवी प्रणाली लिहील, तिच्या सवयी याच्या वर आणखी भर घालतात. डॉटनेट आणि पायथन ३ यांच्यातील पूर्णांकनाचे नेहमीचे फंक्शन नेमका अर्धा आला की जवळच्या सम अंकाकडे जाते, म्हणजे २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. फॉक्सप्रो २.५ चे ३ करते. हा फरक काही पैशांचाच असला तरी तीनशे संस्थांच्या बिलांवर पसरला की लेखापरीक्षकाला तो दिसतो, आणि त्याआधी संस्थेच्या सचिवाला दिसतो. सचिव वहीवर हिशेब करून पाहतातच.

सर्वांत अवघड नियम कपातीचे असतात. एखाद्या संस्थेचे बिल कमी आले आणि पशुखाद्याची बाकी, उचल, विमा आणि कर्जाचा हप्ता मिळून कपात बिलापेक्षा जास्त झाली, तर आधी काय कापायचे आणि काय पुढच्या बिलात ढकलायचे? हा क्रम कधीतरी संचालक मंडळाने ठरवला असेल, किंवा कोणीच ठरवला नसेल आणि आबांनी एका रात्री बिल अडू नये म्हणून स्वतःच्या समजुतीने लिहिला असेल. पंचवीस वर्षांत तो संघाचा रिवाज होऊन बसला. जुना प्रोग्राम वाचून हा क्रम कळेल, पण तो का आहे, कुणी मान्य केला आणि पुढे ठेवायचा की नाही, हे प्रोग्राममध्ये कुठेही लिहिलेले नसते. तुमच्या संघाने घेतलेले, आणि काही न घेताच अमलात आलेले, असे शेकडो निर्णय त्या प्रणालीत साठले आहेत. हे निर्णय पुन्हा कोण घेणार, हे ठरवले नाही तर ते कंपनीचा एखादा तरुण प्रोग्रामर घेईल. त्याला दूध धंद्याची माहिती नसेल, म्हणून तो सोयीचे वाटेल ते करील, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची सूचना अशी की, गेल्या पूर्ण वर्षाची सगळी ३६ बिले कसोटी म्हणून वापरा. त्यांत फेब्रुवारीचे आठ दिवसांचे शेवटचे बिल येईल, ३१ तारखेच्या महिन्यांतले अकरा दिवसांचे येईल, दिवाळीचे येईल, आणि ज्यात दर मध्येच बदलला असे बिलही येईल. नव्या प्रणालीत तेच संकलन भरून तीच बिले काढा आणि जुन्या आकड्यांशी पैशापर्यंत ताडून पाहा. जिथे फरक दिसेल तिथे एक प्रश्न जन्माला येईल. त्या प्रश्नांची एक निर्णय नोंदवही ठेवा. प्रश्न काय, जुन्या प्रणालीत काय होते, पुढे काय करायचे आणि ते कुणी ठरवले, एवढे तिच्यात पुरे. फॅटचा प्रश्न संकलन अधिकाऱ्याचा, कपातीचा लेखा विभागप्रमुखांचा, आणि ज्याचा परिणाम उत्पादकाच्या हाती पडणाऱ्या रकमेवर होतो तो संचालक मंडळाचा. कंपनीच्या माणसाचे नाव ‘कुणी ठरवले’ या रकान्यात एकदाही येता कामा नये.

या ताडून पाहण्यात जुन्या प्रणालीतल्या काही चुकाही उघड होतील. त्या वेळी मोह होतो की आता नव्याने लिहितोच आहोत तर हेही सुधारून टाकू. कृपया तसे करू नका. आधी नवी प्रणाली जुन्यासारखेच आकडे देते हे सिद्ध होऊ द्या. मग मंडळाच्या ठरावाने, एका जाहीर तारखेपासून आणि संस्थांना परिपत्रक पाठवून नियम बदला. दोन्ही एकदम केले, तर आकडा का बदलला हे पुढे कुणालाच सांगता येत नाही, आणि संस्थांच्या मनात एकदा आलेली शंका लवकर जात नाही.

आता विरोधाबद्दल. ‘मोडून काढणे’ हे तुमचे शब्द मला खटकले. लेखनिक बदलाला घाबरतात, असे तुम्ही लिहिले आहे. ते कशाला नाही म्हणत आहेत, हे मात्र पत्रात नाही. संध्याकाळच्या संकलनाच्या चिठ्ठ्या येतात त्या वेळी त्यांच्या शेजारी तासभर बसून पाहा. फॉक्सप्रोच्या पडद्यावर अनुभवी लेखनिक मान वर न करता, उजव्या हाताने आकडे आणि एंटर दाबत एकामागून एक संस्था भरत जातो. ब्राउझरवरच्या पानात प्रत्येक ओळीला माउस धरावा लागला, यादीतून नाव निवडावे लागले आणि जतन झाल्याची वाट पाहावी लागली, तर तेच काम दुप्पट वेळ घेईल. कीबोर्डवरच सगळे होईल असे वेबपान बनवता येते, फक्त ते आधी मागावे लागते.

छपाईचेही तसेच आहे. तुमच्याकडे बिले डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर, कार्बन लावलेल्या सलग कागदावर निघत असणार. फॉक्सप्रो प्रिंटरला सरळ अक्षरे पाठवते. ब्राउझर सहसा पानाचे चित्र करून पाठवतो, त्यामुळे छपाई रेंगाळते आणि रकाने सरकतात. यावर उपाय म्हणून संगणकावर एक छोटा मदतनीस प्रोग्राम बसवून मजकूर थेट प्रिंटरला देता येतो. पण प्रस्तावात त्याचा उल्लेख नसेल तर पहिल्याच बिलाच्या रात्री तीनशे बिले छापायला पहाट होईल, आणि नवी प्रणाली वाईट, असे सगळा संघ म्हणेल. लेखनिकांची नाराजी ही अशी माहिती आहे, आणि ती तुम्हाला फुकट मिळते आहे. त्यांच्यातल्या दोघांना, शक्यतो सर्वांत जास्त तक्रार करणाऱ्यांना, चाचणीच्या कामावर रीतसर नेमून घ्या आणि त्या दिवसांचे त्यांचे नेहमीचे काम दुसऱ्याकडे द्या.

आबांबद्दल जरा सावकाश लिहितो, कारण ‘बघून घ्या’ या उत्तराने तुम्ही दुखावल्या आहात असे दिसते. ते स्वाभाविकच आहे. परंतु त्यांच्या बाजूनेही पाहा. ज्या माणसाने बिल अडल्यावर अपरात्री येऊन इंडेक्स दुरुस्त केले, त्याला निवृत्तीच्या आदल्या वर्षी सांगितले जाते की तुझे काम ओझे होते आणि आता त्याचे सगळे मर्म दोन आठवड्यांत एका कंपनीला समजावून दे. उत्तर रुक्ष येईल नाही तर काय? त्यांना प्रश्नांची यादी पाठवू नका. एक जुने बिल समोर ठेवा आणि ‘आबा, ही रक्कम अशी का आली?’ असे विचारा. माणसे तत्त्व सांगत नाहीत, प्रसंग सांगतात, आणि नियम त्या प्रसंगात असतो. निवृत्तीनंतर वर्षभर मानधनावर, ठरावीक दिवस आणि नेमून दिलेल्या कामासाठी त्यांना सल्लागार म्हणून ठेवण्याचा ठराव मंडळाकडून करून घ्या. नव्या प्रणालीच्या बिलांना मान्यता देणाऱ्या समितीत त्यांचे नाव असावे. हा त्यांच्यावर उपकार नव्हे, संघाची ती गरज आहे.

एकाच दिवशी की टप्प्याटप्प्याने, या तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपल्या सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती लॉइड्स समूहाच्या जुन्या यंत्रणेवरून आपल्या स्पॅनिश मालक बँकेने, सबादेलने, उभारलेल्या नव्या यंत्रणेवर एका शनिवार-रविवारी हलवली. माहिती नीट पोहोचली; पण यंत्रणाच कोलमडली, लक्षावधी लोकांना खाती उघडता येईनात आणि कारभार पूर्वपदावर यायला डिसेंबर उजाडला. मुख्याधिकाऱ्यांना पद सोडावे लागले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. २०१९ च्या स्वतंत्र चौकशी अहवालाने जी कारणे दाखवली, ती तुमच्या कामाची आहेत. स्थलांतर मुख्यतः एकाच फटक्यात करण्याचे ठरले, शेवटची तारीख आधी धरून वेळापत्रक मागे मागे बसवले गेले, आणि दोन डेटा केंद्रांपैकी एकाचीच भाराची चाचणी झाली. आपल्याकडे प्राप्तिकर विभागाचे नवे संकेतस्थळ ७ जून २०२१ रोजी सुरू झाले, तेव्हा जुने त्याआधी सहा दिवस बंद ठेवले होते. पुढे अडचणी इतक्या वाढल्या की विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत न्यावी लागली. शासन मुदत वाढवू शकते. दूध उत्पादकाच्या घरखर्चाला मुदतवाढ नसते.

टप्प्याटप्प्याच्या रीतीचे एक प्रसिद्ध वर्णन सॉफ्टवेअरच्या रचनेवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये केले. दुसऱ्या झाडावर रुजून हळूहळू त्याला वेढणाऱ्या वडासारख्या वृक्षावरून ते त्यांना सुचले. नवी प्रणाली जुनीच्या अंगाने वाढते, एकेक काम स्वतःकडे घेते आणि अखेरीस जुनीचे काहीच काम उरत नाही. तुमच्या बाबतीत मी हा क्रम सुचवीन: आधी वर सांगितलेली फक्त वाचण्याची पाने, मग सभासद आणि संस्थांची नोंद, त्यानंतर पशुखाद्याची विक्री व साठा आणि वाहतूक देयके, आणि बिलाचे काम सर्वांत शेवटी, मात्र त्याची ताडणी पहिल्या महिन्यापासून.

या मार्गाची किंमतही तुम्हाला माहीत असायला हवी, कारण टप्प्यांचा पुरस्कार करणारे ती क्वचितच सांगतात. काही महिने दोन प्रणाली शेजारी शेजारी चालतील, त्यांच्यात माहितीची ये-जा करणारे पूल बांधावे लागतील आणि ते पूल नंतर फेकून द्यायचे असतील. संस्थेचा खाते क्रमांक एका ठिकाणी बदलला आणि दुसऱ्या ठिकाणी राहिला, असे होईल. त्यावर एकच नियम कडकपणे पाळावा: कोणत्याही दिवशी प्रत्येक माहितीचे घर एकच असेल, बदल तिथेच होईल आणि दुसरीकडे ती फक्त वाचता येईल. दुसरा धोका म्हणजे काम अर्ध्यावर थांबणे. सत्तर टक्के नवे झाले की उत्साह आणि पैसा दोन्ही संपतात, आणि संघ कायमचा दोन प्रणालींत अडकतो. म्हणून प्रत्येक टप्प्याची शेवटची पायरी जुना भाग बंद करणे हीच असावी आणि शेवटचा हप्ता तिच्यावरच द्यावा. एखाद्या छोट्या दुकानाची किंवा एकट्या पतसंस्थेची गोष्ट असती, तर एका दिवसात बदलणेच कदाचित शहाणपणाचे ठरले असते. पूल बांधण्याचा खर्च तिथे परवडत नाही. तीनशे संस्थांच्या संघात मात्र परवडतो.

१ एप्रिल ही तारीख मला सर्वांत गैरसोयीची वाटते. वर्षअखेरीचे हिशेब, लेखापरीक्षणाची तयारी आणि नवी प्रणाली हे तिन्ही भार त्याच चार-पाच माणसांवर पडतील. हिवाळ्यात दुधाचा पुष्टकाळ, म्हणजे भरपूर संकलनाचा काळ, असतो, आणि दिवाळीला दरफरकाचे वाटप. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात संकलन कमी असते; त्या काळात एखाद्या बिलाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे १, ११ किंवा २१ तारखेला, दहा संस्थांपासून सुरुवात करावी. त्या दहांत एक मोठी आणि एक भांडखोर संस्था मुद्दाम घ्या. त्यांची किमान तीन बिले दोन्ही प्रणालींत निघून पैशापर्यंत जुळली, तरच पुढच्या संस्था घ्याव्यात. जुळली नाहीत तर जुन्यावर परत जायचे, आणि परत जाण्याचा निर्णय किती वाजेपर्यंत व कुणी घ्यायचा, हे आधीच लिहून ठेवावे. त्या रात्री ते ठरवायला बसलात तर परत जाण्याची वेळ टळून गेलेली असेल.

माहितीच्या स्वच्छतेचे काम मात्र कशाचीही वाट न पाहता आजच सुरू करता येईल. फॉक्सप्रोमध्ये नोंद काढून टाकली की तिच्यावर फक्त खूण होते. फाइल ‘पॅक’ करेपर्यंत ती तिथेच राहते. ही खूण न पाहणाऱ्या साधनाने माहिती उचलली, तर वर्षांपूर्वी काढलेले सभासद नव्या प्रणालीत पुन्हा उभे राहतील. त्याहून चिवट प्रश्न मराठी नावांचा आहे. श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएम यांच्या जुन्या फॉन्टांत साठवलेला मजकूर म्हणजे अक्षरांच्या आकारांचे सांकेतिक अंक असतात, आणि तेच अंक दुसऱ्या फॉन्टात दुसरे अक्षर दाखवतात. ‘शिर्के’ हे आडनाव पाहा. जुन्या साठवणुकीत पहिली वेलांटी ‘श’च्या आधी आणि रफार ‘क’च्या नंतर असतो, आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात, युनिकोडमध्ये, वेलांटी ‘श’च्या नंतर आणि रफाराचा ‘र’ ‘क’च्या आधी येतो. रूपांतर करणारी साधने आहेत, परंतु कोणते टेबल कोणत्या फॉन्टात भरले होते हे त्यांना सांगावे लागते, आणि ते बहुधा आबांनाच आठवत असेल. रूपांतरानंतर प्रत्येक संस्थेची यादी छापून सचिवाकडून तपासून, सही घेऊन परत मागवा. बँकेतले नाव आणि संघातले नाव जुळले नाही की त्रास उत्पादकालाच होतो.

कंपनीशी करार करताना नव्या प्रणालीचे पडदे (स्क्रीन) किती तयार झाले यावर पैसे देऊ नका. बिले किती जुळली यावर द्या. सर्व्हरचे खाते आणि संकेतस्थळाचे नाव संघाच्या नावावर असावे, मूळ प्रोग्राम संघाकडे यावा, आणि सगळी माहिती कुणाच्याही मदतीशिवाय वाचता येईल अशा साध्या स्वरूपात केव्हाही काढून घेता यावी. अन्यथा आबांवरचे अवलंबित्व जाऊन कंपनीवरचे येईल, आणि आबा निदान संघाचे तरी होते. गावातले इंटरनेट गेल्यावर संकलन थांबता कामा नये, हेही करारात स्पष्ट हवे. संस्थेत नोंद स्थानिक संगणकावर व्हावी आणि जोडणी आली की वर जावी.

चेअरमनसाहेबांशी बोलताना ‘हे शक्य नाही’ अशी सुरुवात करू नका. १ एप्रिलला त्यांच्या मोबाइलवर रोजचे संकलन दिसेल, हे निःसंकोच कबूल करा, आणि सोबत एका पानावर प्रत्येक टप्प्याची तारीख व प्रत्येक टप्प्यात बंद होणारा जुना भाग लिहून द्या. बंद होणाऱ्या गोष्टींची यादी दिली की काम रखडवण्याचा आरोप सहसा टिकत नाही. तरीही एकाच दिवशी सगळे बदलण्याचा निर्णय झाला, तर तो मान्य करा, पण तीन बिलांची समांतर ताडणी आणि परत जाण्याची सोय या दोन अटी लेखी मागा, आणि त्या नाकारल्या गेल्या तर तुमचे म्हणणे सभेच्या इतिवृत्तात नोंदले जाईल असे पाहा. तुमच्या पदाचे ते कर्तव्यच आहे.

करारावर सही होण्यापूर्वी आणखी एक गोष्ट अवश्य करा. मागच्या फेब्रुवारीतील शेवटच्या बिलाचे दहा संस्थांचे संकलन, दरपत्रक आणि कपातीच्या बाक्या कंपनीला द्या आणि तुमच्या जुन्या प्रोग्रामशिवाय ती बिले काढून मागा. आकडे जुळणार नाहीत, ते जुळावेत अशी अपेक्षाही ठेवू नका. त्यांनी या कामात तुम्हाला किती आणि कसले प्रश्न विचारले, ते मोजा. एकही प्रश्न न विचारता दुसऱ्या दिवशी बिले घेऊन येणाऱ्या कंपनीला हे काम देऊ नये, मग तिचा दर कितीही कमी असो.